बोळातली गरम हवा

वायरमनकाकांच्या खिडकीसमोर मी एसीचे गरम हवा फेकणारे दोन आउटडोअर लावले, तेव्हा ती खिडकी कुणाची आहे हे मला माहीत होतं. खिडकीच्या आत काकांची खाट आहे आणि खाटेवर काका दिवसभर पडून असतात, हेही माहीत होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण एक अपवाद सोडला तर आजवर ज्या कुणाला ही हकिगत सांगितली, त्याला सांगताना मी एवढंच नेमकं गाळलं. "लक्षातच आलं नाही हो माझ्या," असं म्हणत आलो.

सोनईत आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर मी इंटरनेट पुरवतो. सुरुवात केबल टीव्हीपासून झाली, पुढं फायबर आलं. बाजारपेठेच्या मागच्या अंगाला एका मिठाईच्या दुकानामागची खोली मी भाड्यानं घेतली आहे. तिला आम्ही कंट्रोल रूम म्हणतो. खोलीत माणसाला बसायला एकच खुर्ची, बाकी सगळी जागा मशीनांची. पुरुषभर उंचीची लोखंडी कपाटं, त्यात एकावर एक रचलेली मशीनं, खाली बॅटऱ्या. गावातल्या प्रत्येक घरातली वायर शेवटी या खोलीत येते. मशीनं चोवीस तास वीज खातात आणि खाल्लेल्या विजेची धग करून बाहेर टाकतात. एसी बंद पडला तर थोड्याच वेळात खोली चुलीपुढं बसल्यासारखी होते. म्हणून एसीही चोवीस तास. आधी मशीन चालवायला वीज, मग मशीनची धग काढायला पुन्हा वीज.

आणि धग काढायची म्हणजे ती काही नाहीशी होत नाही. भिंतीच्या या बाजूची त्या बाजूला टाकायची, एवढंच. माझ्या भिंतीच्या त्या बाजूला चार फुटांचा बोळ होता आणि बोळापलीकडं वायरमनकाकांचं घर.

काका वीज बोर्डात वायरमन होते. आमच्या भागातल्या कितीतरी वस्त्यांवर पहिला दिवा त्यांनी लावला. मी एकोणीस वर्षांचा होतो, बारावीनंतर काही जमलं नव्हतं, आणि एका केबलवाल्याकडं गच्ची-गच्चीवरून वायरी ओढायचं काम करत होतो. एके दिवशी विजेच्या खांबावर चढून तिथंच केबल बांधत होतो. खालून आवाज आला, "ए! हात काढ! तसाच उतर, कशालाच शिवू नको!" मी उतरलो. काकांनी माझी कॉलर धरून मला खांबापासून लांब नेलं. मला वाटलं, आता मारणार. त्यांनी समोरच्या टपरीवर बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, "तुझ्या आईला मी काय सांगनार हुतो रं?"

त्यानंतर काम मी त्यांच्याकडूनच शिकलो. तारेला हात लावण्याआधी काय बघायचं, कुणाच्या तोंडी सांगण्यावर लाईन बंद आहे असं मानायचं नाही, पायात काय घालायचं. पुढं मी स्वतःचा धंदा काढला, तेव्हा ही खोली त्यांनीच सुचवली. "माझ्या घरामागंच हाय. माझं लक्ष ऱ्हाईल." थ्री-फेज मीटरसाठी कागद कुठले लागतात, लोड किती मागायचा, सगळं त्यांनी सांगितलं. बोळात अर्थिंगचा खड्डा त्यांनी स्वतः उभं राहून खणून घेतला, तांब्याची पट्टी पुरली, मीठ आणि कोळसा भरला. "उन्हाळ्यात यात रोज पानी घालायचं. माती सुकली की अर्थिंग कामाचं न्हाई. मग वीज पडली का तुझी सगळी मशीनं जाळून टाकती." दोन-चार दिवस मी पाणी घातलं असेल. नंतर विसरलो. पण माझी मशीनं कधी जळली नाहीत.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी काकांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. त्यांची एकुलती एक मुलगी नगरला असते. ती म्हणाली, "माझ्याकडं चला." काका म्हणाले, "न्हाई." हा एक शब्द त्यांना स्वच्छ बोलता यायचा. काकूंनी पुढच्या खोलीत बोळाकडच्या खिडकीशी त्यांची खाट लावली. बोळ अरुंद असला तरी पुढं तो उघड्या जागेत निघतो. तिथला कडुनिंब, रस्त्याचा एक तुकडा आणि विजेचा एक खांब त्या खिडकीतून दिसायचा. काका तासन्‌तास तिकडं बघत पडलेले असायचे. कुणी नवीन वायरमन खांबावर चढला की डाव्या हातानं खाटेच्या कडेवर थापटायचे. काकू म्हणायच्या, "काई तरी चुकीचं करतोय तो वाटतं."

लॉकडाउनच्या काळात माझं गिऱ्हाईक एकदम वाढलं. शाळा मोबाईलवर आल्या, पुण्यात नोकरी करणारी पोरं गावी येऊन लॅपटॉप उघडून बसली. लॉकडाउन संपला, पण जोडण्या कमी झाल्या नाहीत, उलट वाढत गेल्या. मशीनं वाढली, धग वाढली. पुढच्या बाजूला लावलेला जुना छोटा एसी पुरेना. दोन मोठे एसी घ्यायचं ठरवलं, एक दमला की दुसरा सुरू व्हायचा.

एसीवाला जागा बघायला आला. पुढच्या बाजूला मिठाईवाल्याचा बोर्ड होता, तो जागा देईना. एसीवाला म्हणाला, "गच्चीवर नेता येतील. पण पाइप दोन मजले चढवावा लागेल, वर स्टँड बनवावा लागेल. दोन-तीन दिवस जातील. नाहीतर मागं बोळात लावू. आजच्या आज होतंय."

मी मागचं दार उघडून बोळात बघितलं. समोर काकांची खिडकी उघडी होती. पडदा हलत होता.

"मागंच लाव," मी म्हणालो.

महिना फेब्रुवारी होता. हवेत गारवा होता. उन्हाळ्याचं उन्हाळ्यात बघू, असं काहीतरी मी मनाशी म्हणालो असेन. खरं तर काही म्हणालोच नसेन.

मार्चच्या शेवटी काकू आल्या. कंट्रोल रूमच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. मी बाहेर गेलो.

"कामात हायेस का?"

"नाही, बोला ना काकू."

"ते मागचे पंखे हायेत ना तुझे. त्याची हवा सरळ आमच्या खिडकीत येती. लई गरम येती रे. ह्यांना घाम येतो, पुसून पुसून अंगाला फोड आलेत. ते जरा वर घेता येतील का?"

"येतील की. घेतो ना. एसीवाला आला की पहिलं तेच काम."

"तुझ्या कामाला अडचन होनार नसंल तरच हां. हे म्हनतात, त्याला सांगू नको, त्याची मशीनं बंद पडतील."

काका धड बोलू न शकणारे, आणि माझ्या मशीनांसाठी एवढं वाक्य त्यांनी काकूंजवळ जुळवलं होतं. तेव्हा मला त्याचं नीट काही वाटलं नाही. बरं वाटलं, की तक्रार फार मोठी नाही.

मी एसीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, आत्ता सीझन हाय. नवे एसी बसवायला मानसं पुरंनात. जूनमध्ये करू." मी फोन ठेवला. मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला आजही आठवतं, तेव्हा हातात चहाचा कप होता हेसुद्धा आठवतं. दुसऱ्या एसीवाल्याला मी विचारलं नाही. पैशाची अडचण नव्हती. अडचण एवढीच, की काम करायचं तर अर्धा दिवस एसी बंद ठेवावे लागणार, मशीनं तापणार, एखादं बंद पडलं तर दोनशे फोन येणार. क्रिकेटच्या मॅच चालू होत्या. लोक नेट दोन मिनिटं गेलं तरी शिव्या देतात.

काकू रस्त्यात भेटल्या की मीच आधी म्हणायचो, "काकू, सांगून ठेवलंय हां." दोन-तीनदा त्या "बरं" म्हणाल्या. नंतर नुसती मान हलवायला लागल्या.

एप्रिलच्या मध्यावर काकूंचा फोन आला. नेट सारखं बंद पडत होतं. रोज दुपारी लेकीला व्हिडिओ कॉल लावायचा नेम होता, तो मोडला होता. माझ्याकडं कामाला दोन माणसं आहेत, पण काकूंचं घर म्हणून मी स्वतः गेलो. तीन वाजले असतील.

काकांच्या आजारपणात मी त्या घरात जात असे, पण एसी लावल्यापासून गेलो नव्हतो. दार उघडून आत पाऊल टाकलं आणि थांबलो. बाहेरच्या उन्हापेक्षा आत जास्त गरम होतं. खिडकी बंद होती. तिच्यावर ओलं पोतं टांगलेलं. छतावरचा पंखा फिरत होता आणि वरची गरम हवा खाली ढकलत होता. खिडकीपलीकडं माझ्या एसीची घरघर चालू होती, पोत्यामुळं जरा दबलेली. काका बनियनवर पडले होते. तोंड खिडकीकडं. बघण्यासारखं समोर काहीच नव्हतं, पोतं होतं.

मला बघून त्यांनी डावा हात उचलला. मी जवळ गेलो.

"किती... टनाचे?" त्यांनी विचारलं. शब्द ओढत ओढत.

"दोन-दोन टनाचे, काका. पण एका वेळी एकच चालतो."

"चोवीस... तास?"

"हो."

ते जरा हसल्यासारखं करून म्हणाले, "येवढ्या लोडात... अख्खी वस्ती... चालायची." त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर नवल वाटत होतं. पडल्या पडल्या ते माझे एसी ऐकत असणार, कॉम्प्रेसर कधी लागतो, कधी सुटतो, कुठला कुठल्या वेळी. त्यांच्या कानाला ते कळणारच.

राउटर खिडकीच्या फळीवर ठेवलेलं होतं. हात लावला तर चटका बसला. नेट बंद पडण्याचं कारण तेच, तापून पुन्हा पुन्हा बंद होत होतं. फळीवर हात टेकला, तीही गरम. भिंतही गरम.

माझ्या खिशात कपाळावर धरून ताप बघायचा तो पिस्तुलासारखा थर्मामीटर होता. कोरोनात घेतला होता, आता मशीनं किती तापली ते बघायला वापरतो. त्या भिंतीवर धरला असता तर आकडा समोर आला असता. मी तो काढला नाही. काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, तेव्हा मी खिशावर हात ठेवून उभा होतो.

"काय झालंय त्याला?" त्यांनी विचारलं.

"गरम होतंय काकू. इथं ठेवून चालणार नाही. आत घेतो."

मी वायर आतल्या खोलीत ओढली, खिळे मारले आणि तिथल्या गार भिंतीवर राउटर बसवलं. पाच मिनिटं थांबून बघितलं. दिवे नीट लागले. काकूंच्या मोबाईलवरून त्यांच्या लेकीला कॉल लावून दिला. लेकीचा चेहरा दिसला तशा काकू खूश झाल्या. मी चहा न घेताच निघालो.

घरी जेवताना बायकोला सहज सांगितलं, काकांच्या खोलीत राउटर तापत होतं, आत हलवलं. तिनं पोळी वाढता वाढता हात थांबवला.

"राउटर आत हलवलं?"

"हो."

"आणि काका?"

"त्यांची खाट आत जात नाही. दार बारकं आहे. शिवाय मोरी पुढंच आहे, काकूंना उचलून न्यायला—"

"मी खाटेचं विचारलं नाही," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

मी उद्या एसीवाल्याला फोन करतो म्हणालो. केलाही. त्यानं पुन्हा जूनच सांगितलं.

मे महिन्यात एका दुपारी आमच्या भागाची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. लाईट गेली. डीपी बदलायची म्हणजे तीन-चार तास तरी नक्की. माझं जनरेटर सुरू झालं. मी कंट्रोल रूममध्येच होतो. कपाटांचे दिवे चालू, एसी चालू, बाहेर सगळं गाव बंद. लोकांच्या घरी इन्व्हर्टरवर नेट चालू होतं आणि आपलं नेट बंद पडलं नाही याचा मला अभिमान वाटत होता.

अर्ध्या तासानं दारावर थाप पडली. काकू होत्या. दार त्यांनीच ढकललं. पदरानं तोंड पुसत होत्या.

"लाईट कवा येईल रे?"

"तीन-चार तास लागतील, काकू. डीपी जळालीय."

त्या तिथंच उभ्या राहिल्या. आतला गार वारा त्यांच्या तोंडावर येत होता. त्यांनी डोळे मिटले. किती वेळ, फार तर चार श्वास घेतले असतील. दार सताड उघडं होतं, बाहेरची झळ आत येत होती आणि जनरेटरवर एकच एसी चालत होता. मी कपाटाकडं बघितलं. मशीनचा पंखा जोरात फिरायला लागल्याचा आवाज आला.

"काकू, दार तेवढं लावून घेता का?" मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. मग "व्हय, व्हय" म्हणून मागं सरल्या आणि दार बाहेरून लावून घेतलं. हळू लावलं, आवाज न करता.

मी खुर्चीत बसलो. त्यांच्या घरातला पंखा बंद होता आणि माझा एसी चालू होता, त्याची हवा त्यांच्या खिडकीवर आदळत होती. बोळ चार फुटांचा. जनरेटरवरून एक वायर ओढून त्यांच्याकडं टेबलफॅन लावायला दहा मिनिटं लागली असती. वायरचं भेंडोळं माझ्या पायाशी पडलेलं होतं. ही गोष्ट मला सुचायला पाऊण तास लागला. सुचल्यावर मी उठलो, वायर घेतली आणि बोळाला वळसा घालून त्यांच्या दारात गेलो.

दारात गाडी उभी होती. लेक आणि जावई नगरहून आले होते. काकूंनी सकाळीच कॉल करून सांगितलं होतं, की आता ह्यांना सोसत नाही. लाईट जाण्याच्या आधीच ते निघाले होते. काका शेवटी "न्हाई" म्हणाले नव्हते.

चौघांनी मिळून त्यांना चादरीवर घेऊन बाहेर आणायचं होतं. जावई, शेजारचे दोघं आणि चौथा मी. वायरचं भेंडोळं मी ओट्यावर ठेवलं आणि चादरीचं एक टोक धरलं. काका हलके झाले होते. त्यांचं अंग तापलेलं होतं, चादरीतून हाताला कळत होतं. गाडीत ठेवताना त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलले ते असं:

"अर्थिंगला... पानी... घालीत जा. काकू... न्हाई आता."

मला आधी अर्थच कळला नाही. काकू गाडीत बसता बसता म्हणाल्या, "रोज एक बादली घालायची, ह्यांनी सांगितलेलं. पडल्यापास्नं मीच घालती. विसरू नको बाबा."

गाडी गेली. मी बोळात गेलो. माझे दोन आउटडोअर, समोर बंद खिडकी, आणि खाली खड्ड्याची माती ओली होती. कडेला प्लास्टिकची बादली पालथी घातलेली होती. घरात पाणी दोन दिवसांआड येतं. आणि त्यातलं एक बादली पाणी काकू रोज माझ्या मशीनांसाठी या खड्ड्यात ओतत होत्या, तोंडावर माझीच गरम हवा घेत. मी तिथं फार वेळ उभा राहू शकलो नाही. गरम होत होतं.

तिसऱ्या दिवशी मी नेवाशाहून दुसरा एसीवाला आणला. सकाळी आठला काम सुरू केलं. मांडववाल्याकडून चार मोठे पंखे मागून आणले, कंट्रोल रूमची दोन्ही दारं उघडली आणि मशीनांवर पंखे सोडले. एसीवाल्यानं पाइप वर चढवला, गच्चीवर तयार स्टँड ठोकला. एक वाजता दोन्ही एसी पुन्हा सुरू झाले. एकही मशीन बंद पडलं नाही. मी मोबाईल हातातच धरून बसलो होतो, गिऱ्हाइकाचा एकही फोन आला नाही. ज्याला मी दोन महिने घाबरलो, ते जेवायच्या आत उरकलं.

मी काकूंना फोन केला. "काकू, वर घेतले हो ते. गच्चीवर. आता या तुम्ही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. मग, "डॉक्टर म्हनतात, एवढ्यात हलवू नका."

श्रावणात मी त्यांना भेटायला नगरला गेलो. लेकीचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. काकांना एक वेगळी खोली दिली होती आणि त्यांच्यासाठी मुद्दाम एसी बसवला होता. अंगावरचे फोड गेले होते. पण माणूस आटला होता. खिडकीतून नुसतं आभाळ दिसत होतं. मी शेजारी बसलो, गावाकडचं काहीबाही सांगितलं, खांबावर नवीन वायरमन आलाय वगैरे. मला सांगायचं होतं ते वेगळंच होतं. ते तोंडातून निघेना.

त्यांनी डाव्या हातानं वर भिंतीवरच्या एसीकडं बोट केलं.

"याचं... गरम... कुठं जातंय?"

"बाहेर, काका."

"कुनाकडं? बघ... जरा."

लेक म्हणाली, "नाना, काय हो तुमचं! कुणाकडं जाणार आहे?" पण ते माझ्याकडंच बघत होते. मी उठून गॅलरीत गेलो आणि कठड्यावरून वाकून बघितलं. आउटडोअर मोकळ्या बाजूला होता. खाली गाड्या लावायची जागा, समोर रिकामा प्लॉट. कुणाची खिडकी नव्हती. मी दोनदा खात्री केली. मग आत येऊन सांगितलं, "कुणाकडं नाही, काका. मोकळी जागा आहे समोर."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. ते मला लावून बोलले की नुसतं काळजीनं विचारत होते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ते टोमणे मारणाऱ्यातले नव्हते. म्हणून जास्त अवघड जातं.

दिवाळीच्या आधी आठ दिवस काका गेले. नगरलाच गेले. डॉक्टर म्हणाले वय होतं, आजार जुना होता, आणि ते खोटं नव्हतं. अंत्यविधीला सोनईत आणलं. ज्या घरातून हलायचं नाही असं त्यांनी इतकी वर्षं धरून ठेवलं होतं, त्या घरात त्यांना अर्धा तास ठेवलं.

काकू लेकीकडं राहिल्या नाहीत. महिन्याभरानं परत आल्या. मी भेटायला गेलो. पुढच्या खोलीतली खाट काढून टाकली होती. खिडकी उघडी होती, गार वारा येत होता. मी जमिनीवर बसलो. काकू शेंगा सोलत होत्या.

"काकू, एक सांगायचंय."

"सांग की."

"ते एसी लावले ना मागं, तेव्हा मला माहीत होतं. समोर काकांची खाट आहे ते. गच्चीवर लावता येत होते. मला तीन दिवस घालवायचे नव्हते. आणि नंतर तुम्ही सांगितलंत, तेव्हाही मी फक्त एक फोन केला."

त्यांचे हात चालूच होते. शेंगदाणे परातीत पडत होते, टरफलं बाजूला.

"आमाला वाटलं, तुला अडचन असंल," त्या म्हणाल्या.

"अडचण नव्हती."

"मंग कशाला सांगतोस आता?"

खरं उत्तर हेच, की मला हलकं व्हायचं होतं. ते त्यांना सांगायची लाज वाटली.

त्यांनी आणखी एक शेंग फोडली. मग म्हणाल्या, "हे तुझ्यावर कधी चिडले न्हाईत. पोरानं गावात येवढं मोठं काम उभं केलं, असंच म्हनायचे शेवटपर्यंत. पन मी चिडले हुते. त्या दिवशी दार लाव म्हनलास ना तू, तवा लई चिडले. घरी येऊन ह्यांच्यापुढं रडले." त्यांनी परात बाजूला सरकवली. "अजून हाय राग. खोटं कशाला बोलू."

"हो," मी म्हणालो.

"जाईल तवा जाईल. न्हाई गेला तर न्हाई."

मी खाली मान घालून बसलो होतो. त्यांनी गुडघ्यावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला, मी हात पुढं केला, तो त्यांनी धरला नाही. भिंतीचा आधार घेऊन उठल्या.

"चहा ठेवते," त्या म्हणाल्या. "बस."

तिथून निघून जावंसं वाटत होतं. मी बसलो.